उसनं नाक

कोल्हार, वस्तीवर
अधिक ज्येष्ठ, २०२६

प्रिय पूजा,

तुला आशीर्वाद, ओवीला पापा आणि तुझ्या आई-बाबांना नमस्कार हे एका ओळीतच आटपते, कारण लिहायचं पुष्कळ आहे आणि कल्याणभाऊजींना निघायची घाई झाली आहे. सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणाला निघालेल्या जावयाला घाई असायचीच. पत्र त्यांच्याच हाती देते. फोनवर तुझ्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. आत्याबाईंना ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर, आणि तो मोठ्या आवाजावर असला की मामंजी गोठ्यातून उत्तरं देतात. शिवाय मी मुद्द्यावर आले की तू "अक्का, ते जाऊ द्या, म्हशीचं सांगा" म्हणतेस. कागदावर तुला तसं म्हणता येणार नाही. जेवणं झाली की कुठे तरी एकटी बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठलीस तर मला कळणार नाही, पण उठू नकोस.

म्हशीचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर येईल. ती व्यायली, पारडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. मामंजी तिच्याजवळून हलत नाहीत. तुझ्या आईच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचता येतं, हे भाऊजींनी सांगितलं. फार बरं वाटलं. तू तिकडे गेल्यापासून आमचा उन्हाळी कांदाही कांदाचाळीत, फळ्यांच्या कप्प्यांत चढला. एका बाजूची वरची फळी ढिली आहे, ती ठोकून घ्यायची राहिली आहे.

आता ज्याच्यावरून आपलं, दोघी जावांचं, वाजलं, ते. अकोले तालुक्यातल्या शाळेची तुझी ऑर्डर आली. डी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, रात्रंदिवस अभ्यास करून परीक्षा दिलीस, आणि ऑर्डर आली तर तू सगळ्यांना सांगितलंस, ओवी लहान आहे, इतक्या लांब डोंगरात कशाला जायचं. सगळ्यांनी मानही डोलावली. मला मात्र चुलीपाशी हळूच म्हणालीस, "अक्का, मी गेले तर तुमच्या नाकाचं काय?" मी पोळपाट आपटला आणि बाहेर गेले. मला तुझा राग आला नव्हता. माझ्यामुळे एखादीची नोकरी जाते आहे, याने मला कसंसंच झालं. शाळा आठवड्यावर आली आणि तू अजून हो म्हणालेली नाहीस.

त्या नाकाचीच गोष्ट मला आज तुला सांगायची आहे. तुला ती पाठ आहे, पण तू ती चुकीची पाठ केली आहेस असं माझं मत आहे.

तेव्हाही धोंड्याचाच महिना होता. सगळं जग दारं लावून बसलेलं, आणि तुझ्या बाबांना काळजी जावयाच्या वाणाची. तीन वर्षांनी येणारा महिना, जावयाला बोलावलं नाही तर कसं, म्हणून तुम्हा दोघांना नेवाशाला नेलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे खाऊ घातले आणि येताना तांब्याच्या ताटात अनारसे दिले. ताट इतकं भरलेलं की वरचा रुमाल बसेना. इथे आल्यावर आपण सगळ्यांनी ते खाल्ले. मी तर दोन जास्तच खाल्ले, कारण तुझ्या आईच्या हाताला जाळी सुरेख पडते. त्याच आठवड्यात मला ताप आला, मग तुला, आणि नंतर मामंजींना दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आत्याबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, "नेवाशाच्या अनारशातनं आला. चांगलं चाललं हुतं आमचं."

गावात तेव्हा कोरोना झाला का, असं कुणी विचारायचंच नाही. कुणाकडून झाला, ते विचारायचं. आणि ज्याच्या-त्याच्याकडे उत्तर तयार. मामंजी दवाखान्यातून परत आले ते शपथेवर सांगत, बजरंग न्हाव्याने दाढी करताना शिंकून दिला. ओवीच्या मोठ्या काकांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं म्हणणं, डेअरीच्या टेम्पोवाल्याने कॅनच्या झाकणावरून दिला. शेजारच्या छगनभाऊंचं तर तुला आठवतच असेल. फोन लावला की आधी एक माणूस खोकायचा ना सरकारी सूचना द्यायला, तो खोकला रोज कानाला लावून लावूनच आपल्याला आला, असं ते आजही म्हणतात. कित्येक महिने ते फोन हातभर लांब धरून बोलायचे आणि सगळ्या वस्तीला त्यांच्या घरातलं कळलं.

तुला-मला चाळीच्या टोकाच्या खोलीत ठेवलं. घरात लहान ओवी, म्हातारी माणसं, आणि चाळ शेतात घरापासून लांब. दोन खाटा, एक चूल, आणि पलीकडे फळ्यांच्या मागे उन्हाळ्यापासून साठवलेला कांदा. तुझ्या-माझ्यात तेव्हा धड बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं म्हणा. तू वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचीस, मला वाटायचं मला ऐकवायला वाचतेस. मी तुझ्या भाकरीकडे बघायचे, तुला वाटायचं मी नावं ठेवते आहे. ठेवतच होते. अशा दोघी एका खोलीत, तोंडं दोन भिंतींकडे.

आणि माझ्या नाकाचा तोरा तुला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून चाळ माझ्या नाकावर चालायची. नुसती मधल्या वाटेने फिरून यायचे आणि सांगायचे, तिसरा कप्पा, खालून, डावीकडे. हे हात घालायचे तर नेमका पाणी सुटलेला कांदा हाताला यायचा. चार वस्त्यांवरून बायका मला त्यांच्या चाळीत न्यायच्या, वर चहा-पोहे व्हायचे. तर त्या दिवसांत हे रोज सकाळी नाकातोंडाला फडकं बांधून बांधावर उभे राहायचे आणि लांबून विचारायचे, "चाळ कशी हाय?" मी छातीभर श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "ठणठणीत. कसला म्हणून वास नाही." तूही मागून मान डोलवायचीस. आणि हे माझ्या नाकावर विश्वास ठेवून निवांत घरी जायचे. ताप आलेल्या बाईच्या नाकावर! कोरोनात वास जातो हे टीव्हीवर रोज सांगत होते, पण ते इतरांच्या नाकाचं, असं आम्हा दोघांनाही वाटलं असावं.

शेवटी छगनभाऊ रस्त्याने जाताना नाकाला टॉवेल लावून थांबले आणि ओरडले, "वहिनी, चाळीत काय मेलंय का काय? फाट्यापोतर वास येतोय." आपण दोघी उठून पाहायला गेलो, तर दोन कप्प्यांखालून काळं पाणी वाहत होतं, माश्या घोंगावत होत्या, आणि आपण त्याच्या शेजारी बसून रोज दोन वेळा जेवत होतो. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. आणि तू जी हसायला लागलीस, ती खाली बसूनच हसलीस. मलाही आवरेना. नवरा बांधावर डोक्याला हात लावून उभा, आणि आम्ही दोघी खोकत खोकत हसतोय. तू आमच्या घरात आल्यापासून मी तुला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

मग आपण परीक्षा घेतली. लसूण ठेचला, काही नाही. हिंगाचा खडा नाकाशी धरला, काही नाही. तुला गंमत वाटत होती तोवर. संध्याकाळी तू ओवीचं अंगातलं झबलं मागवून घेतलंस, न धुतलेलं. ते तोंडाला लावून किती तरी वेळ बसलीस आणि म्हणालीस, "अक्का, ही माझी पोर वाटतच नाही." त्या रात्री मी तुझ्या खाटेवर येऊन झोपले. त्यानंतर आपण कधी एकमेकींकडे पाठ केली नाही, निदान मला तरी आठवत नाही.

तुझा वास हिवाळ्यात परत आला. तू मला सांगितलं नाहीस. नवी साडी लपवावी तसा लपवलास, कारण माझा आला नव्हता. पण छगनभाऊंचा बोकड दारावरून गेला आणि तुझं नाक जे मुरडलं, ते मी पाहिलं. मी म्हटलं, "आलं ना?" तर तू रडायलाच लागलीस, जसं काही माझ्या वाटणीचं तूच घेतलंस. मी काय रडले नाही. मला वाटलं, हिचं आलं तसं माझंही येईल. नाही आलं. आता येईल असं वाटतही नाही, आणि खरं सांगते, त्याचं फारसं दुःखही उरलेलं नाही. आमटीची चव जिभेला जेवढी कळते तेवढी पुरते. गोठा साफ करताना तर मी घरात सगळ्यांत सुखी असते.

पण तू ते मनावर घेतलंस. माझा चाळीतला मान जाऊ नये म्हणून पुढे पुढे चालायला लागलीस. जिथे कांदा बिघडला असेल तिथे हळूच खोकायचीस, आणि मागून मी बोट दाखवायचे. अख्ख्या गावाने पुन्हा म्हटलं, गोजरचं नाक ते गोजरचं नाक. दूध लागायला लागलं की तू नुसतं "अक्का" म्हणायचीस. सणाला मसाला भाजताना माझ्या कोपराला कोपर लावायचीस, म्हणजे झालं, काढा. आणि मग ती गॅसची सकाळ. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, मी लायटर उचलला होता, आणि तू अंगणातून ओरडत धावत आलीस. त्यानंतर तू एक रात्रही बाहेर राहिली नाहीस. माहेरी गेलीस तरी दिवेलागणीला परत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून या खेपेला राहिलीस, तेही मी हाकललं म्हणून.

आता तू गेल्यानंतरचं ऐक. एक तर पार्थने, म्हणजे तुझ्या लाडक्या पुतण्याने, स्वयंपाकघरात भिंतीवर एक डबा बसवला आहे. गॅस सुटला की तो किंचाळतो. गॅस नसला तरी किंचाळतो. परवा मी कढीला हिंगाची फोडणी दिली तर त्याने अशी बोंब ठोकली की मामंजी धोतर सावरत आले. पण काम चोख करतो, आम्ही मुद्दाम करून पाहिलं. दुसरं, चाळीचं. मी रोज हात फिरवते. बिघडायला लागलेला कांदा तळहाताला कोमट लागतो, आणि त्याचं टरफल वाजत नाही. हे मला नाक होतं तेव्हा माहीतच नव्हतं. कालच एक टोपलंभर कांदा मी एकटीने वेचून काढला, कुणी खोकलं नव्हतं.

आणि तिसरं, जे सांगायला मला खरं तर लाज वाटते आहे आणि हसूही येतं आहे. रविवारी कांदा चढवून झाला, सगळे चाळीपाशी चहाला बसलो होतो. हे म्हणाले, गोजर, मागच्या कप्प्यातला जुना कांदा जरा हुंगून ये. तू नव्हतीस. मी उठले, दोन पावलं गेले, आणि मला कंटाळा आला गं. मी परत आले आणि म्हटलं, मला वास येत नाही. कोरोनापासून येत नाही. मग आत्याबाई बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "मंग त्यात नवं काय हाय? समद्यांना ठाव हाय. ती पूजा खोकायची अन् तू बोट दावायची. मला वाटलं पोरीला खोकला जडला, म्हून मी दोन पावसाळे अडुळशाचा काढा पाजला तिला. मंग ध्यानात आलं, ही घरात कवाच खोकत न्हाई, चाळीतच खोकती." तुला तो काढा आठवत असेलच, तू डोळे मिटून प्यायचीस. हे म्हणाले, तुमची फेरी झाली की मी मागून एक चक्कर मारायचो. मामंजींनाही ठाऊक. पार्थलाही. छगनभाऊंना ठाऊक म्हणजे सगळ्या कोल्हारला ठाऊक. आपण दोघी जिवाच्या कराराने जे झाकत होतो, ते सगळं घर आपल्या मागे उभं राहून झाकत होतं. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग मी चाळीच्या मागे जाऊन रडून घेतलं. इतकी माया माझ्याभोवती होती आणि मला तिचा वाससुद्धा नव्हता.

परत येऊन मी उरलेलंही बोलून टाकलं. तू नोकरीला का जात नाहीस ते. ओवीचं निमित्त आहे, खरं कारण माझं नाक आहे, आणि त्याच्याही खाली ते अनारसे आहेत. आपणच आजार घरात आणला, अक्काचं नाक घालवलं, मामंजींना मरणाच्या दारात नेलं, अशी तुझी समजूत आहे, हे मी त्यांना सांगितलं. तू मला हे कधी बोलून दाखवलं नाहीस, पण गेल्या धोंड्याला तुझ्या आईने अनारशांऐवजी बत्तासे दिले, तेव्हा ते ताट तू कसं खाली मान घालून आत नेलंस ते मी बघत होते. आत्याबाईंनी बशी कपावर पालथी घातली. मग म्हणाल्या, "मी अनारशाला बोलले, पोरीला कवा बोलले?" आणि उठून घरात गेल्या. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं.

पूजा, मी आता तुला मोठेपणाने एक सांगते. मामंजींचं बजरंगशी भांडण जुनं, त्याने एकदा मिशी वाकडी कापली होती. ह्यांचा टेम्पोवाल्यावर राग, तो दुधाला नावं ठेवतो. छगनभाऊंना मुलाने फोन दिला तेव्हापासून तो नकोसा. आत्याबाईंना तुझ्या लग्नातल्या मानाच्या लुगड्याचा काठ अजून टोचतो. कोरोना कुणाकडून झाला हे यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. ज्याने-त्याने जो आधीच मनात सलत होता त्याचं नाव घेतलं. आणि तू स्वतःचं घेतलंस. एवढ्या माणसांत फक्त तूच स्वतःचं नाव घेतलंस, आणि म्हणून मला तुझी गोष्ट सगळ्यांत खोटी वाटते. त्या आठवड्यात मी बाजारात गेले होते, हे सोसायटीत गेले होते, आपल्या ओट्यावर रोज दहा माणसं बसत होती. मला कुणाकडून झाला ते मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. तो झाला नसता तर तू आणि मी अजूनही दोन भिंतींकडे तोंडं करून राहिलो असतो, एवढं मात्र मला ठाऊक आहे. ह्याबद्दल मी समाधानी आहे, आणि तूही व्हावंस असं मला वाटतं.

तर हे पत्र तुला समजवायला लिहिलेलं नाही, तो विचार रविवारीच संपला, तुझं जाणं सगळ्यांनी तेव्हाच ठरवलं. कल्याणभाऊजी आज जेवायला टेम्पो घेऊन आले आहेत. ताडपत्रीखाली तुझी खाट आहे, शेगडी आहे, बाजरीचं पोतं आहे, ओवीची पुस्तकं आणि तुझ्या सगळ्या साड्या आहेत. आत्याबाईंनी रात्र जागून मसाला केला, तो डबा पुढच्या सीटवर ठेवायला लावला आहे, सांडेल म्हणून. अकोल्यात भाऊजींनी खोली बघून ठेवली आहे. उद्या सकाळी नेवाशाहून परस्पर निघा. घरी येऊ नकोस. वाटेत कोल्हार लागेलच, फाट्यावर आम्ही सगळे उभे असू, मामंजीसुद्धा. पण टेम्पो थांबवायचा नाही, असं मी भाऊजींना बजावलं आहे, कारण थांबलात तर तू उतरशील आणि मी तुला जाऊ देणार नाही. हात हलव आणि पुढे जा. मग दिवाळीची सुट्टी लागली की ये, आणि सासरी येतात तशी नको, माहेरी येतात तशी ये.

तुझीच,
गोजरअक्का